मॉस्को, एप्रिल १९५८

हर्झन रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही कॉन्झर्व्हेटरीच्या आवारात शिरता. समोर ब्राँझचा चायकोव्हस्की बसलाय, हात हवेत उचलून. वेरा मुखिनानं घडवलेला हा पुतळा इथे येऊन चारच वर्षं झालीत. तिकीट न मिळालेले लोक दारापासून हटायला तयार नाहीत. तुम्ही आत शिरा. ग्रेट हॉलच्या भिंतींवरून, लंबगोल चौकटींतून, जुने संगीतकार खाली पाहतायत.

पहिल्या आंतरराष्ट्रीय चायकोव्हस्की स्पर्धेची, पियानोची ही अंतिम फेरी. स्पुटनिक आकाशात जाऊन सहा महिने झालेत. पहिलं बक्षीस इथल्याच कुणाला तरी मिळणार, असं अनेकांनी धरून ठेवलंय. परीक्षकांचे अध्यक्ष एमिल गिलेल्स. त्यांच्यासोबत स्व्यातोस्लाव रिख्टर आहेत, आणि या दोघांचेही गुरू हाइनरिख नॉयहाउस.

मग मंचावर येतो टेक्ससचा व्हॅन क्लायबर्न. वय २३, उंची सहा फूट चार इंच, डोक्यावर कुरळ्या केसांचं रान. किरिल कोंद्राशिन छडी उचलतात, हॉर्न गर्जतात, आणि चायकोव्हस्कीच्या पहिल्या कन्चेर्तोचे ते भरदार स्वरसमूह पियानोतून उसळतात. तो घाई करत नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. प्रत्येक स्वराला तो पुरतं बोलू देतो.

ऐकताना एवढं ध्यानात असू द्या: १८७४च्या नाताळात याच संस्थेत, तिचा संचालक निकोलाय रुबिनस्टाइन यानं ही रचना टाकाऊ ठरवली होती. म्हणून तिचा पहिला प्रयोग १८७५मध्ये झाला तो अमेरिकेत, बोस्टनला. रुबिनस्टाइननं पुढे मत बदललं आणि स्वतः ती वाजवलीही, पण जन्मगाव बोस्टनच राहिलं.

स्पर्धेसाठी काबालेव्हस्कीनं लिहिलेला रोंदो होतो. तो ऐकून सोडून द्या.

आता रखमानिनॉव्हचा तिसरा कन्चेर्तो. सुरुवातीला दोन हातांत एकच साधी धून. गवयानं माजघरात बसून चीज गुणगुणावी, तशी. हाही पहिल्यांदा वाजला न्यूयॉर्कमध्ये, १९०९ साली. १९१७मध्ये देश सोडलेला रखमानिनॉव्ह कधीच परतला नाही. १९४३मध्ये कॅलिफोर्नियात वारला. आणि क्लायबर्नच्या गुरू रोझिना लेविन? त्या याच कॉन्झर्व्हेटरीच्या सुवर्णपदक विजेत्या, न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या. उद्याची वर्तमानपत्रं या रात्रीला दोन महासत्तांची झुंज म्हणतील. मला ते अपुरं वाटतं. घरातून निघून गेलेलं संगीत एक परका मुलगा घरच्यांना परत ऐकवतोय, आणि ते त्याला आपलं म्हणून ओळखतायत.

पहिल्या भागात तो दोन पर्यायी कडेन्झांपैकी, म्हणजे एकट्या पियानोच्या तुकड्यांपैकी, मोठा, जड कडेन्झा निवडतो. इथे श्वास रोखला जाईल. शेवटचा स्वर संपतो न संपतो तोच सभागृह उभं राहतं. पहिलं बक्षीस, पहिलं बक्षीस, असा घोष सुरू होतो. तुम्हीही उभे राहा. टाळ्या आठ मिनिटं चालणार आहेत. नियम बाजूला ठेवून त्याला पुन्हा मंचावर आणलं जातं.

अमेरिकनाला बक्षीस द्यायचं का, ही विचारणा थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत जाईल, आणि होकार येईल. दुसरं बक्षीस विभागून: सोव्हिएत संघाचा लेव्ह व्लासेंको आणि चीनचा १९ वर्षांचा लिउ शिकुन.

तुमच्या हाती काळ आहेच, तर आणखी थोडे दिवस मागे जा आणि लिउची फेरी ऐका. क्लायबर्नसाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कागदी फितींचा पाऊस पडेल. लिउला सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात डांबतील, वर्षानुवर्षं पियानोपासून तोडतील. सुटल्यावर तो पुन्हा वाजवायला बसला.