मुलुंडचा शाहीर

स्पेनच्या दक्षिणेला फ्लामेंको नावाचे गाणे आहे. जिप्सी लोहारांनी ते भट्टीजवळही गायले. कामारोन हा त्यातला मोठा गायक लोहाराचाच मुलगा. १९९२ साली तो गेला, पण त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही जगभर ऐकल्या जातात.

कष्टकरी वस्तीतून उठलेले गाणे आपल्या उपनगरांनीही ऐकले आहे. आपण त्याला शाहिरी म्हणतो. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ सालचे. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान कवीला ते घरचेच वाटतात.

विलास घोगरे याच वाटेवरचे शाहीर. जन्म १९४७ चा, घर मुलुंडच्या झोपडवस्तीत. आव्हान नाट्य मंचातून ते गात. मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली 'हमारा शहर' हा माहितीपट केला. त्यात घोगरे गातात. ज्यांची घरे पडत होती, त्यांच्यातलाच एक माणूस त्यांची कथा सांगत होता.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. बरीच वर्षे लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने शेवटी डोक्याला निळे फडके बांधले होते.

या मरणाचा गौरव करायला माझी जीभ वळत नाही. हजारोंचे दुःख ज्याने गळ्यात घेतले, त्याचे दुःख वाटून घ्यायला आपण पुरे पडलो नाही, एवढेच मला म्हणता येते.

पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट २०११ साली पुरा केला. घोगरे यांचा आवाज आपल्यापैकी अनेकांपर्यंत पोचला तो या दोन माहितीपटांमुळे. एरवी त्यांचे नाव निघते ते मरणाच्या बातमीसोबत. शाहिराची ओळख सांगताना आधी त्याचे गाणे सांगावे. मुलुंडमध्ये एक माणूस राहत होता आणि तो फार चांगले गात होता, इथून सुरुवात करावी.