तीन तासांचं लग्न आणि बारा सेंटीमीटरची तबकडी

मंडळी, घरातल्या जुन्या लग्नांच्या डिस्क एकदा काढून बघा. १९९०-९५चं लग्न सीडीवर उतरवून घेतलेलं असेल, तर एकतर तीन सीड्या निघतील, नाहीतर दोन निघतील आणि मधली पंगत गायब असेल. तेच लग्न २००५नंतर डीव्हीडीवर आलं असेल तर सगळं एकाच तबकडीवर मिळेल, पण अक्षता पडायला लागल्या की नवरानवरी चौकोनी ठिगळांत विरघळतात. दोन्हींच्या मागे एक साधा भागाकार आहे, आणि त्या भागाकाराला स्वतःचा इतिहास आहे.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ला औरंगाबादपासून वेगळा झाला. त्यानंतर दीडेक वर्षानं, ऑक्टोबर १९८२मध्ये, जपानात पहिल्या सीड्या विकायला आल्या. फिलिप्स आणि सोनीनं ठरवलेलं माप होतं बारा सेंटीमीटर आणि ७४ मिनिटं. ही ७४ मिनिटं गाण्यांची. त्या वेळी या तबकडीवर सिनेमा किंवा लग्न घालायचा विचार नव्हता.

चित्र घालायचं म्हटलं की अडचण सुरू होते. व्हीसीडीचं चित्र तसं लहानच, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. तरी ते जसंच्या तसं लिहायचं तर सेकंदाला तीन कोटींवर बिट लागतात. १९८८मध्ये सुरू झालेल्या एमपेग नावाच्या तज्ज्ञगटानं यावर उपाय काढला: मागच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही, फक्त बदल टिपायचा. १९९३मध्ये व्हीसीडीचं माप पक्कं झालं. चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला २२४. म्हणजे चित्राच्या सव्वीस भागांतला एक ठेवायचा, बाकीचे पंचवीस सोडायचे! आणि हा आकडा आला कुठून? गाण्याची सीडी ज्या वेगानं फिरते त्याच वेगानं व्हीसीडी चालावी, यातून. म्हणून तिच्यावरही तेवढीच ७४ मिनिटं. पुढे ८० मिनिटांच्या कोऱ्या सीड्या मिळायला लागल्या, एवढाच फरक.

आपल्याकडची लग्नं होती व्हीएचएस कॅसेटवर, बहुधा तीन तासांच्या. १८० मिनिटांना ८०नं भागा, तीन सीड्या लागतात. व्हीसीडीचा बिटरेट ठरलेला, कमी करायची सोय नाही. केला तर बऱ्याच प्लेअरवर ती चालायचीच नाही. मग दोन सीड्यांत बसवायचं तर वीस मिनिटं कापायची. कात्री कुठे लागायची? पंगतीला, आहेराला, नाहीतर मांडवात नुसत्याच बसलेल्या बायकांवर. म्हणजे कॅमेऱ्यासमोर एरवी कधीच न आलेली आजी जिथे दिसायची, नेमकी तीच वीस मिनिटं.

मग डीव्हीडी आली. जपानात १९९६मध्ये, जालन्याच्या स्टुडिओंत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २००७मध्ये मोझर बेअरनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा सहा रुपयांसाठी कोण व्हीसीडी घेणार! पण खरा बदल किमतीचा नव्हता. डीव्हीडीत बिटरेट आपण ठरवायचा. कापायची गरज संपली, पातळ करायची सोय झाली. पाहुणे वाढले की वरणात पाणी, तसंच.

हिशेब असा. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर ३ कोटी ७६ लाख किलोबिट मावतात. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागलं की सेकंदाला साधारण ३४८० किलोबिट येतात. यातून आधी आवाज वजा करायचा. आवाज न दाबता, पीसीएमच ठेवला तर तो एकटाच १५३६ खातो आणि चित्राला उरतात जेमतेम १९४५. तोच आवाज दाबून २२४वर आणला तर चित्राला सव्वातीन हजार मिळतात. सनई कानाला जवळपास तशीच लागते, पण चेहरे वाचतात. थोडी जागा मेनूसाठी सोडायची, की झालं. रेकॉर्डरवर मात्र हे गणित बटणात लपलेलं असायचं: एसपी दोन तास, एलपी चार, ईपी सहा. ईपीवर एका तबकडीत दोन लग्नं बसत, आणि दोन्हींत नवरी ओळखू येत नसे.

आता अक्षतांकडे येऊ. आहेराच्या वेळी कॅमेरा स्थिर, माणसं रांगेत, बदल थोडा. तिथे हजार किलोबिटही पुरतात. ‘सावधान’ म्हटल्यावर मात्र हजारो दाणे हजार दिशांना उडतात, मागच्या चित्रातलं काहीच कामाला येत नाही. बिटरेट सगळीकडे सारखा ठेवला तर आहेरात उधळपट्टी होते आणि अक्षतांच्या वेळी दुष्काळ. यावर उपाय होता दोन फेऱ्यांचा: पहिल्या फेरीत संगणक सगळं लग्न नुसतं बघणार, कुठे किती लागेल ते टिपणार, आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणार. टँकर यायच्या आधी कुठल्या वाडीत किती घरं आहेत ते मोजून घ्यावं, तसं. जालन्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण दोन फेऱ्यांना त्या संगणकांवर रात्र जायची, आणि भारनियमनाच्या दिवसांत मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बरेच जण एकाच फेरीत उरकत. जे गेलं त्यातलं बरंच असं गेलं.

असो. आज बिटरेटचा हा हिशेब कुणाला करावा लागत नाही, एका पेनड्राइव्हवर गावाची लग्नं मावतात. पण घरी भाजलेल्या डीव्हीडींना उन्हाळा सोसत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतोच. तेव्हा काका-आत्या मंडळी, दोन कामं करा. डिस्कवरच्या फायली आहेत तशा उतरवून ठेवा, पुन्हा दाबू नका, कारण दर वेळी दाबताना आणखी काहीतरी जातं. आणि मूळ कॅसेट कपाटात असेल तर ‘सीडी केली आहे की’ म्हणून भंगारात देऊ नका. कापलेली पंगत फक्त तिच्यातच आहे.