भंडाऱ्यातील घराची जागा: टिकऱ्यावरच्या आबादीपासून लेआउटपर्यंत

भंडारा जिल्ह्यात घरासाठी जागा पाहायची ती आधी पाण्याच्या हिशेबाने. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या मुलखात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धानाच्या बांधीत हे पाणी अडून राहावे लागते, तर मातीच्या भिंतीपासून तेच पाणी लवकर सरून जावे लागते. एकाच शिवारात या दोन्ही गरजा भागवायच्या असल्याने गाव कुठे बसवायचे, हा प्रश्न येथे फार जुन्या काळापासून जमिनीच्या उंचसखलपणाशी बांधलेला आहे.

इंग्रजी अमलातील जमाबंदीने शेतकऱ्यांचे हे ज्ञान कागदावर उतरवले. मातीचे कन्हार, मोरांड, खरडी, सिहार आणि बरडी असे प्रकार नोंदले गेले. त्याखेरीज धानाच्या जमिनीला स्थानानुसारही दर्जा होता. उंचावरचा, पाणी न धरणारा तो टिकरा, सपाट ते समान आणि आजूबाजूचे पाणी उतरून येते ते खोलगट झिलान. धानाला झिलान सर्वांत मोलाचे. घराला मात्र तीच जागा सर्वांत वाईट, कारण पावसाळ्यात जोत्यात ओल चढते आणि अंगणात टोंगळाभर चिखल होतो. कन्हारीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही तडा देते. बरडीचा लालसर, मुरमाड उंचवटा पिकाला जवळजवळ निरुपयोगी, पण पाया धरायला पक्का. त्यामुळे धान जिथे होत नाही तिथे घर, ही वाटणी आपोआप घडत गेली. सुपीक जमीन बांधकामाखाली न जाण्याचे श्रेय या साध्या व्यवहाराला द्यावे लागते. गावातून वाहणारे पावसाचे पाणी शेणखताचा अंश घेऊन जवळच्या शेतांत उतरे. अशा शेतांना खारी म्हणत आणि जमाबंदीत त्यांची नोंद वेगळी होई. म्हणजे घरांच्या उंचवट्याचा फायदा खालच्या शेतालाही मिळे.

उंच जागा पाहून वस्ती करण्याची येथली परंपरा किती जुनी आहे, हे पवनीत दिसते. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या नगराभोवती मातीचा तट आणि खंदक आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आणि वस्तीचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे गेला. भंडारा हे नावही जुने. कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या १११४ सालच्या रतनपूर शिलालेखात ‘भाणार’ असा उल्लेख आहे आणि तो भंडाऱ्याचाच मानला जातो.

नगरांपेक्षा खेड्यांच्या जडणघडणीवर मोठी छाप पडली ती कोहळी समाजाची. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधण्यासाठी त्यांना काशीच्या बाजूने आणले, अशी आख्यायिका सांगितली जाते. गोंड राजवटीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीचा हक्क मिळत असे. या एका नियमाने वस्तीचा क्रमच ठरून गेला. आधी दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरून पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालायची, मग पाटाचे पाणी जाईल तिथवर बांध्या पाडायच्या, आणि घरांसाठी या दोन्हींतून उरलेला उंचवटा घ्यायचा. कोणतेही उपकरण न वापरता केवळ नजरेने जमिनीचा उतार ओळखण्याच्या कोहळ्यांच्या कसबाची इंग्रज अधिकाऱ्यांनीही आवर्जून नोंद केली. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध हा त्या कसबाचा सर्वांत भव्य नमुना. तो बांधण्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. तलाव जवळ असला की विहिरींना पाणी टिकते आणि ढोरांची सोय होते. पण पाळीच्या अगदी समोर, खालच्या अंगाला घर बांधणे धोक्याचे, कारण पाळ फुटली तर पाण्याचा पहिला लोंढा तिथेच येतो.

घराची जागा म्हणजे केवळ चार भिंतींची जागा नव्हे. कवेलूच्या छपराचे घर, पुढे छपरी, बाजूला ढोरांचा कोठा, मागे भाजीपाल्याची वाडी आणि बंडी (बैलगाडी) वळेल एवढे अंगण, इतके मावले की शेतकऱ्याचे घर पुरे होई. गावाच्या कडेला गुरे जमायला आखर राखून ठेवलेले असे. मातामाय या देवीचे ठाणेही बहुधा वस्तीच्या टोकाला. मात्र जागा निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नव्हते. महार आणि इतर अस्पृश्य मानलेल्या समाजांना वस्तीपासून बाजूला जागा दाखवली जाई. कोणते घर विहिरीजवळ आणि कोणते लांब, हे जमिनीच्या उतारापेक्षा जातीच्या उतरंडीने ठरे. गावरचनेचे कौतुक करताना हा अन्याय झाकून ठेवता येणार नाही.

भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्याच दशकातील जमाबंदीने गावचा वसूल गोळा करणाऱ्या पटेलांना गावाचे मालक ठरवले. हेच मालगुजार. शेतीबरोबर गावातील आबादी, म्हणजे घरांची जागा, तलाव आणि पडीक रानही त्यांच्या मालकीत गेले. घराला जागा हवी तर मालगुजाराकडे मागावी लागे. तरीही ही मालकी निरंकुश नव्हती. गावात जमीन कसणाऱ्याला आणि शेतीशी निगडित कारागिराला आबादीत वाजवी आकाराची जागा बिनभाड्याने मिळण्याचा हक्क होता आणि १९१७ च्या जमीन महसूल कायद्यानेही तो मान्य केला. गावोगावच्या रीती वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात लिहून ठेवल्या जात. सर्वसाधारण रीत अशी की घराचे लाकूड-कवेलू घरवाल्याचे, जागा मालगुजाराची. गाव सोडणारा सामान काढून नेई, जागा मालकाकडे परत जाई. म्हणून त्या काळच्या खेड्यात घराची जागा ही बाजारात विकायची वस्तू झाली नाही. गावात राहून काम करण्याशी ती जोडलेली राहिली. याची दुसरी बाजूही स्पष्ट आहे. मालगुजाराची मर्जी गेली तर कुळाला चांगली जागा मिळणे कठीण, आणि जागेवर हक्क सांगणारा स्वतःचा कागद त्याच्याजवळ नसे.

भंडारा तेव्हा ज्या राज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून ही व्यवस्था संपवली. मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, पण राहत्या घरांची जागा आणि दीर्घकाळ ताब्यातील आवारे त्या त्या लोकांकडे राहिली. तलावही सरकारकडे आले. माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, आजही जिल्ह्यात हजाराहून अधिक आहेत. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे आला आणि शेतजमिनीवर घर बांधायचे तर अकृषक परवानगी आवश्यक झाली. गावकऱ्यांच्या समजुतीने चालणारी गोष्ट आता तलाठी, भूमिअभिलेख आणि तहसील कार्यालयाच्या कागदांवर चालू लागली.

याच बदलातून पूर्व विदर्भाचा एक खास पेच निर्माण झाला. निस्तारासाठी, म्हणजे चराई आणि सरपणासाठी राखलेले झुडपी रान महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ म्हणून राहिले. पीक न येणारी ही जमीन गावालगतची आणि उंचवट्यावरची. साहजिकच वाढत्या लोकसंख्येची घरे, शाळा, दवाखाने आणि स्मशानभूमी तिच्यावर उभ्या राहिल्या. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या वनांविषयीच्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशानंतर ही जमीन वन ठरते का, हा वाद सुरू झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ८६ हजार हेक्टरांहून अधिक जमीन त्यात अडकली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला आणि १९९६ च्या त्या तारखेपूर्वी झालेली वाटपे केंद्राच्या मंजुरीने नियमित करून घेण्याची वाट मोकळी ठेवली. ज्या कुटुंबांनी सरकारी वाटपावर विसंबून घरे बांधली, त्यांना जागेच्या निर्वेध हक्कासाठी दशके थांबावे लागले.

जागा निवडण्याचा सर्वांत मोठा सामूहिक प्रसंग गोसीखुर्द धरणाने आणला. पवनी तालुक्यातील या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. वैनगंगेकाठची गावेच्या गावे उठली आणि त्यांच्यासाठी नवी गावठाणे आखली गेली. पुनर्वसन कायद्यानुसार कुटुंबातील माणसे आणि शेतीची मालकी पाहून भूखंडाचे माप ठरते. चौकोनी भूखंड, सरळ रस्ते, शाळा, पाण्याची टाकी अशी ही गावठाणे कागदावर नीटनेटकी आहेत. पण कोठा, वाडी आणि बंडीसाठी लागणारी ऐसपैस जागा त्या मापात बसत नाही. नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांना तर नवी जागा पाण्यापासून किती दूर, हाच पहिला प्रश्न होता. जुनी वस्ती उंचसखल पाहून पिढ्यान्‌पिढ्या बसत गेलेली. नवी मात्र मोजणीच्या नकाशावरून एकदम आखलेली.

शहरांतली गोष्ट थोडक्यात सांगता येते. रेल्वेने वरठी आणि तुमसरला महत्त्व दिले, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीने वसाहत आणली आणि भंडारा शहर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरले. गेल्या काही दशकांत मात्र शहराभोवतीच्या धानाच्या बांध्यांवर लेआउट पडत आहेत. बांधी मुरूम टाकून भरली की सपाट भूखंड दिसतो आणि जमिनीचा मूळ उतार नजरेआड होतो. ग्राहक रस्ता, दर आणि दिशा पाहतो. पूर्वी झिलान म्हणून घरासाठी टाळलेली जागा आज प्लॉट म्हणून विकली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि तेथील संजय सरोवर धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला महापूर आला, तेव्हा शहरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

आज जिल्ह्यात भूखंड घेताना सातबारा आणि फेरफार, भोगवटादार वर्ग एक की दोन, अकृषक आदेश, मंजूर रेखांकन आणि झुडपी जंगलाची नोंद तपासावी लागते. गावठाणातील घरांना २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोन मोजणीनंतर मालमत्ता पत्रक मिळू लागले आहे. नदीकाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्ही रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. भरलेल्या बांधीचा मूळ उतार मात्र यांतल्या कोणत्याही कागदावर नसतो. त्यासाठी पावसाळ्यात एकदा जागेवर जाऊन पाणी कोणीकडून येते आणि कुठे थांबते ते पाहावे लागते, किंवा शेजारच्या बांधीत रोवणी करणाऱ्याला विचारावे लागते.