घरी बनवलेल्या डॅशबोर्ड मीटरसाठी मोटर कशी निवडावी?

गाडीत वेग, इंजिनाचे आरपीएम, इंधन किंवा तापमान दाखवणाऱ्या बहुतेक काट्यांमागे एक छोटी मोटर किंवा चुंबकीय यंत्रणा असते. जुन्या गाडीला जादा मीटर बसवण्यासाठी किंवा संगणकावरील ड्रायव्हिंग गेमला खरा डॅशबोर्ड जोडण्यासाठी अनेक हौशी मंडळी आता आर्डुइनोच्या मदतीने असे मीटर घरीच बनवतात. त्यासाठी कोणती मोटर घ्यावी, हे या लेखात पाहू.

काटा अगदी हलका असतो. त्यामुळे मोटर किती ताकदवान आहे याला इथे फारसे महत्त्व नाही. तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत:

१. काटा किती अंशांत फिरायला हवा?
२. किती वेगाने फिरायला हवा?
३. गाडी सुरू करताना काटा नेमका कुठे आहे, हे मोटरला कसे कळणार?

सर्व्हो मोटर

एसजी९० ही छोटी सर्व्हो स्वस्त आणि वापरायला सोपी आहे. तिच्या आतच स्थान मोजण्याची सोय असल्याने तिसरा प्रश्न आपोआप सुटतो. मात्र ती साधारण १८० अंशच फिरते, फिरताना आवाज करते आणि काटा एका जागी थरथरतो. तिची तापमानमर्यादा सुमारे ५५ अंश सेल्सिअस आहे. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड याहून जास्त तापतो. त्यामुळे टेबलावरच्या प्रयोगासाठी किंवा गेमसाठी ती ठीक आहे, गाडीसाठी नाही.

२८बीवायजे-४८ स्टेपर मोटर

ही ५ व्होल्टची मोटर यूएलएन२००३ ड्रायव्हरसह सहज मिळते. एका फेरीत सुमारे २०४८ स्टेप असल्याने बारकावा भरपूर मिळतो. पण तिचा वेग मिनिटाला साधारण १५ फेरे, म्हणजे सेकंदाला ९० अंश इतकाच असतो. २७० अंशांच्या तबकडीवर काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ३ सेकंद लागतात. इंधन किंवा तापमानासाठी हे चालेल, आरपीएमसाठी नाही. शिवाय तिला आत कुठेही अटकाव नसतो, त्यामुळे शून्याची जागा ओळखण्यासाठी वेगळा सेन्सर लावावा लागतो.

एक्स२७.१६८ स्टेपर मोटर

ही मोटर मुळात डॅशबोर्डसाठीच बनवली आहे. ती ३१५ अंश फिरते, एक स्टेप एक तृतीयांश अंशाची असते आणि वेग सेकंदाला ६०० अंशांपर्यंत जातो. म्हणजे २७० अंशांचा प्रवास अर्ध्या सेकंदाच्या आसपास होतो. उणे ४० ते १०५ अंश सेल्सिअस तापमानात ती काम करते.

तिच्या दोन्ही कॉइलचा रोध प्रत्येकी सुमारे २८० ओहम असल्याने ५ व्होल्टला १८ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. त्यामुळे आर्डुइनो उनोच्या चार पिनांवर एक मोटर थेट चालते. संरक्षणासाठी डायोड मात्र लावावेत. चार मीटर करायचे असतील तर व्हीआयडी६६०६ सारखी ड्रायव्हर चिप घ्यावी. ती एकटी चार मोटरी चालवते आणि स्टेप आणखी बारीक केल्यामुळे काटा झटके न देता सरकतो.

या मोटरला आत अटकाव असतो. सुरुवातीला काटा मागे नेऊन अटकावाला टेकवायचा आणि तिथून शून्य मोजायला लागायचे.

एअर-कोअर यंत्रणा

जुन्या अनेक गाड्यांत ही आढळते. काटकोनात गुंडाळलेल्या दोन कॉइलमधील प्रवाहांच्या प्रमाणानुसार मधले चुंबक आणि त्यावरचा काटा वळतो. यात गिअर नाहीत, आवाज नाही आणि शून्य शोधायचीही गरज नाही. मात्र दोन्ही प्रवाह साइन-कोसाइनच्या प्रमाणात द्यावे लागतात, म्हणून सर्किट थोडे किचकट होते. जुनाच मीटर दुरुस्त करायचा असेल तर हीच यंत्रणा ठेवणे सोयीचे.

चुकणारा काटा

यातील दोन्ही स्टेपर मोटरी आपले स्थान परत कळवत नाहीत. काटा एकदम वेगाने पळवला तर काही स्टेप हुकतात. प्रोग्रामच्या हिशेबात काटा ११० अंश तापमानावर असतो, प्रत्यक्षात तो ९० दाखवतो, आणि पुन्हा शून्य साधेपर्यंत ही चूक तशीच राहते. बंद पडलेला मीटर चटकन लक्षात येतो, चुकीचा दाखवणारा येत नाही. इंजिन तापत असताना काटा हिरव्या पट्ट्यात राहिला तर चालक निर्धास्त गाडी हाकत राहतो.

म्हणून काट्याचा वेग हळूहळू वाढेल आणि कमी होईल असा प्रोग्राम लिहावा. दर वेळी गाडी सुरू करताना काटा शून्यावर आणून एकदा पूर्ण फिरवावा. तापमान आणि ऑइल प्रेशरसाठी स्वतंत्र वायरिंगचा इशारा दिवाही ठेवावा. इंजिन चालू असताना गाडीचा पुरवठा १४ व्होल्टच्या आसपास जातो आणि त्यात अचानक उसळ्याही येतात, म्हणून फ्यूज, उसळी शोषणारा टीव्हीएस डायोड आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावावा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मूळ वेगमापक काढू नये. घरचा मीटर त्याच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे.