फ्लोरिडा गेटर्स संघातील क्वार्टरबॅकची समस्या (२०१०–२०१९)

फ्लोरिडा गेटर्स हा अमेरिकेतील गेन्सव्हिल येथील फ्लोरिडा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ होय. हा संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठीय संघांच्या गटात खेळतो. टिम टीबो हा नामवंत क्वार्टरबॅक २००९ च्या हंगामानंतर विद्यापीठातून बाहेर पडला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे संघाला त्या जागी स्थिर खेळाडू लाभला नाही. या काळात दहाहून अधिक खेळाडूंनी क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात केली आणि तीन मुख्य प्रशिक्षक संघापासून दूर झाले. मात्र फ्लोरिडातून बाहेर पडलेल्या अनेक क्वार्टरबॅकनी पुढे इतर विद्यापीठांत उत्तम कामगिरी केली. त्यामुळे या कालखंडाचा विचार करताना केवळ गुणी खेळाडूंचा अभाव हे कारण पुरेसे ठरत नाही.

क्वार्टरबॅकचे स्थान

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. बहुतेक प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. चेंडू सहकाऱ्याच्या हाती द्यायचा, दूर फेकायचा की स्वतः घेऊन धावायचे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी प्रतिस्पर्ध्यांना थोपवून धरते. ही फळी कोसळली तर क्वार्टरबॅक कितीही कुशल असला तरी निष्प्रभ ठरतो.

विद्यापीठीय खेळात या स्थानाची आणखी एक अडचण आहे. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत सामान्यतः चारच हंगाम खेळता येतात. त्यामुळे प्रत्येक संघाला काही वर्षांनी नवा क्वार्टरबॅक घडवावा लागतो. शिवाय इतर स्थानांवर खेळाडू आलटूनपालटून उतरवता येतात, तर क्वार्टरबॅक बहुधा एकच असतो आणि उरलेल्यांना बाकावर बसून वाट पाहावी लागते.

पार्श्वभूमी

या स्थानाबाबत फ्लोरिडाची परंपरा मोठी आहे. देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूला दरवर्षी दिला जाणारा हाइझमन पुरस्कार फ्लोरिडाच्या तीन खेळाडूंना मिळाला असून ते तिघेही क्वार्टरबॅक होते : स्टीव्ह स्परियर (१९६६), डॅनी वुअर्फल (१९९६) आणि टिम टीबो (२००७). वुअर्फल खेळत असताना स्परियर हेच संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

अर्बन मायर यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने २००६ आणि २००८ या हंगामांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. टीबो हा धिप्पाड शरीराचा, स्वतः चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत घुसणारा खेळाडू होता आणि मायर यांची आक्रमणपद्धती त्याच्या या गुणांभोवती बेतलेली होती. याच काळात त्याचा पर्यायी खेळाडू म्हणून संघात असलेला कॅम न्यूटन २००८ च्या हंगामानंतर बाहेर पडला. टेक्सासमधील ब्लिन महाविद्यालयात एक वर्ष खेळून तो ऑबर्न विद्यापीठात गेला. २०१० मध्ये त्याने हाइझमन पुरस्कार मिळवला, तसेच ऑबर्नला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात फ्लोरिडा संघ क्वार्टरबॅकच्या शोधात चाचपडत होता.

मायर यांचा अखेरचा हंगाम (२०१०)

टीबोची जागा जॉन ब्रँटली याने घेतली. त्याचे वडीलही फ्लोरिडाचे क्वार्टरबॅक होते. ब्रँटली हा फळीमागे उभा राहून लांब पल्ल्याचे पास देणारा खेळाडू होता, धावणे हा त्याचा पिंड नव्हता. संघाची पद्धती मात्र धावणाऱ्या क्वार्टरबॅकवर आधारलेली राहिली. हंगामात त्याचे ९ पास टचडाउनसाठी यशस्वी झाले, तर १० पास प्रतिस्पर्ध्यांनी हस्तगत केले. ही उणीव भरून काढण्यासाठी ट्रे बर्टन आणि जॉर्डन रीड यांनाही क्वार्टरबॅकच्या जागी आलटूनपालटून उतरवण्यात आले. पुढे हे दोघेही व्यावसायिक खेळात वेगळ्या स्थानावर स्थिरावले. संघाने १३ पैकी ८ सामने जिंकले. डिसेंबर २०१० मध्ये मायर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

मसचॅम्प यांचा काळ (२०११–२०१४)

नवे मुख्य प्रशिक्षक विल मसचॅम्प हे बचावाचे तज्ज्ञ होते. त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत आक्रमणाची धुरा चार्ली वाइस (२०११), ब्रेंट पीस (२०१२ व २०१३) आणि कर्ट रोपर (२०१४) अशा तीन समन्वयकांकडे गेली. प्रत्येक समन्वयकाबरोबर डावपेच, संकेत आणि परिभाषा बदलत असल्यामुळे क्वार्टरबॅकला जवळजवळ नव्याने आरंभ करावा लागे.

१ ऑक्टोबर २०११ रोजी अलाबामाविरुद्धच्या सामन्यात ब्रँटलीने पहिल्याच चालीत ६५ यार्डांचा टचडाउन पास दिला, परंतु मध्यंतरापूर्वी तो जखमी झाला. त्यामुळे जेफ ड्रिस्कल आणि जकोबी ब्रिसेट या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर अकाली जबाबदारी येऊन पडली.

२०१२ मध्ये ड्रिस्कलने मुख्य स्थान मिळवले. भक्कम बचावाच्या बळावर संघाने नियमित हंगामात १२ पैकी ११ सामने जिंकले. मात्र हंगामाअखेरच्या शुगर बोल सामन्यात ड्रिस्कलचा पहिलाच पास लुइव्हिलच्या खेळाडूने पकडून थेट टचडाउन केला आणि फ्लोरिडाचा २३–३३ असा पराभव झाला. ब्रिसेट त्यानंतर नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गेला.

२०१३ चा हंगाम सर्वांत कठीण गेला. सप्टेंबरमध्ये टेनेसीविरुद्ध ड्रिस्कलच्या पायाचे हाड मोडले. त्याच्या जागी आलेल्या टायलर मर्फीने प्रारंभी विजय मिळवून दिले, पण नंतर त्याचा खांदा दुखावला आणि संघ स्कायलर मॉर्नहिनवेग या तिसऱ्या पर्यायावर येऊन ठेपला. पुढील फळीतील अनेक खेळाडूही जायबंदी होते. २३ नोव्हेंबर रोजी खालच्या श्रेणीतील जॉर्जिया सदर्न संघाने फ्लोरिडाला त्याच्याच मैदानावर २६–२० असे हरवले. या सामन्यात विजेत्या संघाचा एकही पास यशस्वी झाला नव्हता, त्याने केवळ धावून विजय मिळवला. फ्लोरिडाचे दोन खेळाडू एकमेकांनाच अडवत असल्याचे याच सामन्यातील छायाचित्र पुढे त्या हंगामाचे प्रतीक ठरले. ४ विजय आणि ८ पराभव अशी संघाची नोंद झाली. १९७९ नंतर प्रथमच विजयांपेक्षा पराभव अधिक झाले.

२०१४ मध्ये ड्रिस्कल आणि ट्रिऑन हॅरिस यांच्यात स्थानाची अदलाबदल होत राहिली. नोव्हेंबरमध्ये मसचॅम्प यांची गच्छंती जाहीर झाली.

मॅकेल्वेन यांचा काळ (२०१५–२०१७)

जिम मॅकेल्वेन आक्रमणाचे जाणकार म्हणून ओळखले जात. २०१५ मध्ये विल ग्रीअर या तरुण क्वार्टरबॅकने संघाला सलग विजय मिळवून दिले. टेनेसीविरुद्ध अखेरच्या मिनिटांत चौथ्या प्रयत्नावर १४ यार्डांची गरज असताना त्याच्या पासवर ६३ यार्डांचा टचडाउन झाला आणि फ्लोरिडाने २८–२७ असा विजय मिळवला. दीर्घ प्रतीक्षा संपल्याची भावना समर्थकांत निर्माण झाली होती. परंतु १२ ऑक्टोबर रोजी प्रतिबंधित द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळल्यामुळे ग्रीअरवर एक वर्षाची बंदी जाहीर झाली. दुकानात सहज मिळणारे पूरक औषध संघाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना न विचारता घेतल्याचे त्याने सांगितले. त्या वेळी संघ अपराजित होता. पुढे हॅरिसच्या नेतृत्वाखाली संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले, पण आक्रमण मंदावले आणि अखेरच्या सामन्यात मिशिगनकडून ७–४१ असा पराभव पत्करावा लागला.

त्यानंतर ल्यूक डेल रिओ, पर्ड्यू विद्यापीठातून आलेला ऑस्टिन ॲपलबी, नोत्र दामहून आलेला मलिक झायर आणि फेलिपे फ्रँक्स असे खेळाडू आजमावण्यात आले. बाहेरून अनुभवी क्वार्टरबॅक आणण्याच्या या उपायाने तात्पुरती सोय झाली, पण स्थैर्य आले नाही. २०१७ च्या हंगामात ११ पैकी केवळ ४ विजय मिळाले. हंगाम सुरू असतानाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, मॅकेल्वेन पदावरून दूर झाले.

मलन यांचे आगमन आणि काइल ट्रास्क

२००५ ते २००८ या काळात फ्लोरिडाचे आक्रमण-समन्वयक असलेले डॅन मलन २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. आदल्या वर्षी टीकेचा धनी झालेल्या फ्रँक्सने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २४ टचडाउन पास दिले. टीबोनंतर फ्लोरिडाच्या क्वार्टरबॅकने एका हंगामात वीसहून अधिक टचडाउन पास देण्याची ही पहिलीच वेळ होती.

१४ सप्टेंबर २०१९ रोजी केंटकीविरुद्ध संघ पिछाडीवर असताना फ्रँक्सचा घोटा निखळला. त्याच्या जागी काइल ट्रास्क मैदानात उतरला. टेक्सासमधील मॅनव्हेल येथील शाळेतही तो डेरिक किंग या खेळाडूचा पर्यायी क्वार्टरबॅक होता. नववी इयत्तेनंतर त्याने एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. २०१६ पासून तो फ्लोरिडाच्या बाकावर वाट पाहत होता आणि पायाच्या दुखापतींमुळेही मागे पडला होता. संघ १०–२१ असा मागे असताना त्याने सूत्रे हाती घेतली आणि फ्लोरिडाने २९–२१ असा विजय मिळवला.

त्या हंगामात संघाने १३ पैकी ११ सामने जिंकले. २०२० मध्ये ट्रास्कने ४३ टचडाउन पास देऊन वुअर्फलचा १९९६ मधील ३९ पासांचा विद्यापीठीय विक्रम मोडला आणि हाइझमन पुरस्काराच्या मतदानात चौथे स्थान मिळवले. २०२१ मध्ये टॅम्पा बे बक्कनीअर्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली.

हंगामनिहाय नोंद

२०१० : ८ विजय, ५ पराभव
२०११ : ७ विजय, ६ पराभव
२०१२ : ११ विजय, २ पराभव
२०१३ : ४ विजय, ८ पराभव
२०१४ : ७ विजय, ५ पराभव
२०१५ : १० विजय, ४ पराभव
२०१६ : ९ विजय, ४ पराभव
२०१७ : ४ विजय, ७ पराभव
२०१८ : १० विजय, ३ पराभव
२०१९ : ११ विजय, २ पराभव

बाहेर पडलेल्या खेळाडूंची कारकीर्द

मर्फीने २०१४ मध्ये बॉस्टन कॉलेजकडून १,१८४ यार्ड धावून आपल्या गटातील क्वार्टरबॅकचा तोवरचा विक्रम केला. ब्रिसेट नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. ड्रिस्कलने लुइझियाना टेक येथे एक यशस्वी हंगाम खेळून त्याच वर्षी व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश मिळवला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेलेला ग्रीअर २०१८ च्या हाइझमन मतदानात चौथा आला.

कारणमीमांसा

या कालखंडातील अपयशामागे अनेक कारणे एकत्र आली. दहा वर्षांत चार मुख्य प्रशिक्षक झाले आणि आक्रमणाचे समन्वयक त्याहूनही अधिक वेळा बदलले. ब्रँटलीच्या बाबतीत खेळाडूची शैली आणि संघाची पद्धती यांत मेळ नव्हता. २०११, २०१३ आणि २०१९ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ऐन हंगामात जखमी झाला. पुढील फळीच्या दुबळेपणामुळे पास देण्यास वेळ मिळत नसे. त्याखेरीज टीबोशी होणारी तुलना प्रत्येक नवोदितासमोर उभी असे.

एकाच खेळाडूने एका ठिकाणी अपयशी आणि दुसऱ्या ठिकाणी यशस्वी ठरावे, असे या काळात वारंवार घडले. न्यूटन, ब्रिसेट, मर्फी आणि ग्रीअर यांना घडवणारे वातावरण त्यांना अन्यत्र मिळाले. ट्रास्क मात्र तीन वर्षे फारशी संधी न मिळताही संघातच राहिला. त्याच्या उदयाच्या वेळी मुख्य प्रशिक्षक आणि आक्रमणपद्धती यांत सलग दुसऱ्या वर्षी बदल झालेला नव्हता. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसवणारा नियम २०२१ मध्ये शिथिल झाला. तेव्हापासून पर्यायी क्वार्टरबॅकने दीर्घकाळ थांबण्याची शक्यता आणखी कमी झाली आहे.