चोविसांतला पहिला

मित्रमैत्रिणींनो, नववीतला तो तास आठवतो का? गणिताच्या सरांनी चौघांना फळ्यापुढे उभं केलं आणि विचारलं, "हे चौघं किती वेगवेगळ्या प्रकारे रांगेत उभे राहतील?" त्या चौघांत मी होते. तास संपेपर्यंत आम्ही जागा बदलत राहिलो आणि सतराच्या पुढे मोजणी चुकली. सरांनी ४ × ३ × २ × १ = २४ एवढंच लिहिलं आणि डस्टर उचलून निघून गेले.

ते २४ मला गेल्या वर्षी कोकणात पुन्हा भेटले.

रत्नागिरीहून जाकादेवीमार्गे कोळिसऱ्याला लक्ष्मीकेशवाचं देऊळ आहे. गाडी वर ठेवून पायऱ्या उतरत जायचं. गर्द झाडी, वाहत्या पाण्याचा आवाज, आणि खाली कौलारू गावाला शोभेलसं शांत देऊळ. आत काळ्याभोर दगडातला चतुर्भुज विष्णू. आक्रमणांच्या काळात ही मूर्ती पाण्यात लपवली होती आणि नंतर इथे आणली, असं तिथे सांगतात. कोकणातल्या अशा बऱ्याच विष्णुमूर्ती शिलाहार काळातल्या मानल्या जातात. हे शिलाहार आपल्याला परके नाहीत. त्यांची एक शाखा आपल्या ठाण्याहूनच उत्तर कोकणावर राज्य करत होती आणि शाळेच्या सहलीत पाहिलेलं अंबरनाथचं देऊळ, शिलालेखाप्रमाणे शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चं, त्यांच्याच काळातलं.

विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण कोणत्या हातात काय, यावरून मूर्तीचं नाव ठरतं, हे मला माहीत नव्हतं. चार वस्तू, चार हात, म्हणून २४ प्रकार आणि २४ नावं. संध्या करताना आजोबा 'केशवाय नमः, नारायणाय नमः' म्हणायचे, तीच ही नावं. मी ती नुसती घोकंपट्टी समजत होते. पंधराव्या शतकात मेवाडच्या सूत्रधार मंडनाने 'रूपमंडना'त या चोवीस मूर्तींची लक्षणं दिली आहेत.

वाचायची रीत सोपी आहे. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर जायचं, मग पलीकडच्या वरच्या हातावरून खाली यायचं. मी मोठ्या ऐटीत वाचलं : गदा, चक्र, शंख, पद्म. म्हणजे माधव! गुरुजी हसले. "ताई, उजवा हात देवाचा धरायचा, तुमचा नाही." पुन्हा वाचलं : पद्म, शंख, चक्र, गदा. केशव. चोविसांतला पहिला. यातल्या शंख आणि गदेची अदलाबदल केली की तोच त्रिविक्रम होतो. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहूनही मी आरशातली चूक केली होती.

परतताना गाडीत मनातल्या मनात गणित सुरू झालं. मूर्तीचा एक हात तुटला तरी उरलेल्या तिघांवरून चौथी वस्तू कळते आणि नाव वाचतं. दोन हात तुटले की दोन नावं शक्य होतात. आणि कुणी भक्तिभावाने सिमेंटचा हात बसवून त्यात हवी ती वस्तू दिली, तर देवाचं नावच बदलतं. शेकडो वर्षं पाण्यात, मातीत टिकलेली ओळख एका दिवसात पुसली जाते.

हे सरांना सांगायचं राहून गेलं. आज ते नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावं कोकणात आहेत. तिथे पिंपळाखाली, तळ्याकाठी एखादी जुनी मूर्ती असेल, तर रंगरंगोटी आणि डागडुजी होण्याआधी तिच्या चारही हातांचे नीट फोटो काढून ठेवा. उजवा-डावा मात्र देवाचा धरा.