तगर ते रोम : तेरच्या मातीतली दोन खंडांची भेट

दोन खंडांतील माणसांची पहिली भेट म्हटले की शाळेत शिकलेला १४९२ चा कोलंबस आठवतो. त्या भेटीतून अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या वाट्याला लूट, गुलामगिरी आणि देवीसारख्या साथी आल्या. पण त्याच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचा रोमन जगाशी संबंध जुळला होता, आणि तो तलवारीने नव्हे, व्यापारातून. (आपल्या ठेच्यातली मिरची मात्र कोलंबसानंतरची, तेव्हाच्या तेरकरांनी ती पाहिलीही नव्हती.)

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. येथून साधे कापड आणि मलमल बैलगाड्यांतून भडोच बंदराला जाई व तिथून जहाजाने पश्चिमेकडे. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले.

तेरच्या उत्खननांत आणि पांढरीच्या टेकाडांवर रोमन धाटणीच्या वस्तू मिळाल्या. त्यातही आम्हाला महत्त्वाच्या वाटतात त्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती. दुहेरी साच्याचे तंत्र रोमन जगाशी जोडले जाते, पण मूर्तींचे चेहरे, केशरचना, दागिने इथलेच आहेत. रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकेही इथे गळ्यात घालत. म्हणजे इथल्या कारागिराने परकी कला घेतली आणि आपली करून टाकली. इतिहासात सातवाहन राजांची नावे राहिली. विणकर, कुंभार, गाडीवान यांची राहिली नाहीत. पुढे याच हातांच्या कामाला हलके लेखले गेले, हेही विसरू नये.

व्यापारी वाटांवर विहारही होते. तेरला विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. आजचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याची मागची अर्धगोल बाजू पाहिली की कारण कळते. परदेशी माणसे या धम्मजीवनात सामीलही झाली. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांच्या दानाचे लेख आहेत.

इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यावर खरोष्ठी अक्षर असल्याने ती तेरचीच, असा दावा आम्ही करणार नाही. मात्र त्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे, तशीच जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही. पॉम्पेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरचा ठेवा रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे वेचून जपला. त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात तो पाहता येतो. धाराशिव शहरापासून तेर साधारण वीस किलोमीटरवर आहे.